चंद्रावरची फ्रीडे आणि सेवाग्रामचं लग्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१४ जुलै २०२३ रोजी दुपारी 'चांद्रयान-३' श्रीहरिकोट्याहून निघालं. संध्याकाळच्या बातम्यांत ते उड्डाण पुन:पुन्हा दाखवत होते. आमच्या शेजारचा सातवीतला मुलगा माझ्याशेजारी बसून पाहत होता. दहा, नऊ, आठ करत आकडे शून्यापर्यंत आले आणि धुराचा लोट उठला. मुलानं विचारलं, "आजोबा, हे लोक उलटं का मोजतात? सरळ एक-दोन-तीन म्हणून का नाही उडवत?"

मी त्याला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. इंजिनाच्या तपासण्या असतात, किती वेळ उरला ते सगळ्यांना एकदम कळावं लागतं, वगैरे. ते खोटं नव्हतं. पण ही पद्धत लोकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा आली ती एखाद्या प्रयोगशाळेतून नव्हे, तर एका प्रेमकथेतून. त्या प्रेमकथेची लेखिका एक जर्मन बाई होती. तिचा नवरा बेळगावकडचा मराठी माणूस होता. आणि त्या नवऱ्याचं पुढचं लग्न आपल्या नागपूरपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर, सेवाग्रामला, गांधीजींच्या आशीर्वादानं लागलं. आज तीच गोष्ट सांगणार आहे. ऐकताना कुणी बनवून सांगतंय असं वाटेल, पण यातलं काही माझ्या पदरचं नाही.

चंद्रावर जाण्याची गोष्ट मराठीला तशी जुनीच. ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी 'चंद्रलोकची सफर' या नावानं 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० पासून क्रमश: येऊ लागली. कोचीनहून निघणारं हे मराठी मासिक, संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये. विसावं शतक उजाडत होतं, विमानसुद्धा अजून उडालं नव्हतं, आणि आपले आजे-पणजे कंदिलाच्या उजेडात चंद्रावर जायचे बेत वाचत होते. व्हर्नच्या त्या गोष्टीत भलीमोठी तोफ आहे, आणि तोफ डागण्यापूर्वी आकडे मोजणंही आहे. पण ते सरळ मोजणं आहे. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, आणि मग बार! यानात तीन पुरुष. स्त्रीजातीपैकी कोण, म्हणाल तर डायना नावाची एक कुत्री आणि काही कोंबड्या. बाईमाणसाला चंद्रावर काय काम, असा प्रश्नदेखील व्हर्नला पडला नाही.

तो प्रश्न पडला थेआ फॉन हार्बू यांना. १९२८ साली त्यांची 'फ्राऊ इम मोंड' ही कादंबरी आली. म्हणजे 'चंद्रावरची स्त्री'. पुढच्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९२९ रोजी, त्यावरचा चित्रपट बर्लिनमध्ये झळकला. दिग्दर्शक होते बाईंचे तेव्हाचे पती फ्रिट्झ लांग. चित्रपट मूक. त्याच वर्षी आपल्याकडे कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, म्हणजे काळाचा अंदाज यावा. तोवर जगात बोलपटांची चाहूल लागली होती. निदान रॉकेट उडताना तरी आवाज घालू, असा कंपनीचा आग्रह होता. लांग यांनी तो मानला नाही. कंपनीशी त्यांचं त्यावरून बिनसलंच.

मी हा चित्रपट संगणकावर पाहिला, दोन बैठकांत. पावणेतीन तासांच्या आसपास आहे, आणि पहिला तास हेरगिरी, चोऱ्या, धमक्या यांतच जातो. थोडा धीर धरावा लागतो. गोष्ट अशी. मानफेल्ट नावाचा एक म्हातारा प्राध्यापक. चंद्रावरच्या डोंगरांत सोनं आहे असं त्यानं एकदा विद्वानांच्या सभेत सांगितलं आणि सगळे त्याला हसले. तेव्हापासून तो माडीवरच्या एका खोलीत दारिद्र्यात दिवस काढतोय. त्याच्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस, हेलिउस नावाचा धनिक. तो चंद्रावर जायचं रॉकेट बांधतोय. विंडेगर हा त्याचा मित्र आणि मुख्य अभियंता. आणि या दोघांच्या मध्ये फ्रीडे वेल्टेन, खगोलशास्त्राची विद्यार्थिनी. फ्रीडेचा वाङ्‌निश्चय विंडेगरशी ठरलाय. हेलिउसचं तिच्यावर मनातून प्रेम आहे, पण मित्राशी दगाबाजी नको म्हणून तो गप्प आहे. इथवर आपल्या कुठल्याही जुन्या सामाजिक चित्रपटासारखंच.

फरक पडतो तो पुढे. जगातल्या सोन्यावर ज्यांचा ताबा आहे असे काही सावकार या मोहिमेचे नकाशे पळवतात आणि आपला एक माणूस यानात घुसवतात. जिवाला धोका आहे, म्हणून हेलिउस एकटाच जायला निघतो. तेव्हा फ्रीडे म्हणते, मी येणार. कुणी तिला बोलावलेलं नाही. दोघेही पुरुष तिला थांबवू पाहतात. ती ऐकत नाही. गंमत म्हणजे यानाचं नाव तिच्याच नावावरून ठेवलेलं आहे. नाव द्यायला कुणाची हरकत नव्हती, पण नावाची मालकीणच आत बसते म्हटल्यावर सगळ्यांची पंचाईत झाली! जर्मन भाषेत त्या नावाचा अर्थ 'शांतता'. हा अर्थ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यान चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरतं. तिथं हवा आहे, माणसं शिरस्त्राणं काढून हिंडतात. आज आपल्याला हसू येईल. पण एकोणिसाव्या शतकात हान्सेन नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं तसा तर्क केला होता, त्याचा आधार घेऊन बाईंनी आपली सोय करून घेतली. नायक-नायिकेच्या तोंडावर काचेचे हंडे चढवले तर प्रेमकथा कशी दाखवायची, ही अडचण आपल्याकडच्या निर्मात्यांनाही समजेल. तिथं विंडेगरचा धीर सुटतो, त्याला फक्त परत जायचंय. फ्रीडे मात्र चलचित्राचा कॅमेरा लावून चंद्राचं चित्रीकरण करते. सोनं सापडतं, म्हातारा प्राध्यापक कपारीत पडून मरतो, सावकारांच्या माणसाशी गोळीबार होतो, आणि त्या झटापटीत प्राणवायूच्या टाक्या फुटतात. उरलेली हवा सगळ्यांना परतीला पुरणार नाही. एकानं मागं राहायलाच हवं.

काड्या उचलून ठरवतात, आणि आखूड काडी येते विंडेगरच्या वाट्याला. तो कोसळतो. मग हेलिउस त्या दोघांच्या पेयात गुंगीचं औषध मिसळतो. यानात लपून आलेला गुस्ताफ नावाचा एक पोरगा आहे. त्याला कळ कशी ओढायची ते शिकवतो, आणि स्वत: खाली राहतो. यान उडून जातं. एकटा हेलिउस त्या निर्जन वाळूत तंबूकडे वळतो, तर समोर फ्रीडे उभी. तिनं डाव ओळखला होता. ती उतरली होती.

हा शेवट मी दोनदा मागे नेऊन पाहिला. आपल्याकडच्या कथांत नायिका नायकासाठी जीव द्यायला तयार असते, त्यात नवल नाही. पण इथं दोन पुरुषांनी आपापसांत काड्या उचलून, औषध पाजून तिचं काय करायचं ते परस्पर ठरवलेलं आहे. आणि ती ते ठरवणंच मोडून काढते. वाङ्‌निश्चय मोडते, यान सोडते, आणि हे सगळं एक शब्द न बोलता. मूकपट असल्याचा एवढा फायदा दुसऱ्या कुठल्या प्रसंगाला झाला असेल असं मला वाटत नाही.

आता त्या उलट्या मोजणीकडे येऊ. लांग यांनी पुढे सांगितलं की ती नाट्यासाठी सुचली. सरळ मोजत गेलो तर दहाला सुटणार की पन्नासला, ते प्रेक्षकाला कळत नाही. उलटं मोजलं की शून्याला काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच श्वास रोखला जातो. मूकपट, त्यामुळे ही मोजणी पडद्यावर अक्षरांत येते. उरले सहा सेकंद, पाच, चार... आणि मग 'आता!'

या चित्रपटाला शास्त्रीय सल्लागार होते हेर्मान ओबेर्ट. रॉकेटनं ग्रहांपर्यंत जाता येईल, असं १९२३ साली गणितानं मांडणारा हा माणूस. त्यामुळे चंद्रावरच्या हवेचा भाग सोडला तर बाकी पुष्कळ गोष्टी आश्चर्य वाटावं इतक्या बरोबर आहेत. रॉकेट टप्प्याटप्प्याचं आहे. जळून रिकामा झालेला भाग गळून पडतो, म्हणजे उरलेल्याला ओझं वाहावं लागत नाही. उड्डाणाच्या वेळी अंगावर येणारा दाब सोसावा म्हणून प्रवासी आडवे झोपतात. वजन नाहीसं झाल्यावर पाय अडकवायला जमिनीवर चामडी पट्टे आहेत. मोठ्या शेडमधून उभंच्या उभं रॉकेट रुळांवरून बाहेर येतं. १९६९ सालची अपोलोची छायाचित्रं शेजारी ठेवून पाहा. प्रसिद्धीसाठी ओबेर्ट यांनी एक खरंखुरं रॉकेटही उडवून दाखवायचं होतं. ते काही जमलं नाही; उलट प्रयोगात स्फोट होऊन त्यांनाच इजा झाली.

आता बाईंकडे वळतो. थेआ फॉन हार्बू यांचा जन्म २७ डिसेंबर १८८८ चा, बव्हेरियातला. लहान वयात नटी म्हणून रंगभूमीवर काम, मग लेखन. १९१८ साली त्यांनी भारतातल्या एका राजावर कादंबरी लिहिली, 'दास इंडिशे ग्राबमाल', म्हणजे 'भारतीय समाधी'. तोवर त्यांनी भारत पाहिलेला नव्हता. महाराजे, वाघ, योगी असा सगळा मसाला त्यात आहे. १९२२ मध्ये लांग यांच्याशी लग्न. पुढची दहा-अकरा वर्षं लांग यांच्या बहुतेक मोठ्या चित्रपटांचं लेखन बाईंचं. १९२७ चा जगप्रसिद्ध 'मेट्रोपोलिस' त्यांचाच. आपल्याकडे 'मेट्रोपोलिस'चं नाव निघालं की लांग यांचं कौतुक होतं. ती गोष्ट कुणाच्या डोक्यातून निघाली, हे फारसं कुणी विचारत नाही. त्या काळात गर्भपात करणाऱ्या बाईला शिक्षा देणाऱ्या जर्मन कायद्याविरुद्धच्या चळवळीतही त्या होत्या.

फ्रीडेचं काम गेर्डा माउरुस या नटीनं केलं. तेव्हा लांग यांचं तिच्याशी प्रेमप्रकरण चालू होतं. म्हणजे नवऱ्याच्या प्रेयसीसाठी बायको संवाद आणि प्रसंग लिहीत होती, आणि प्रसंग असे की त्या स्त्रीपात्राकडे पाहून मान ताठ व्हावी. हे कसं जमवलं असेल, मला सांगता येणार नाही.

लांग आणि थेआ यांचा घटस्फोट १९३३ मध्ये झाला. हिटलर सत्तेवर आला तेच हे वर्ष. लांग यांची आई जन्मानं ज्यू. ते जर्मनी सोडून गेले. आणि त्याच सुमारास बाईंच्या आयुष्यात आले आयी गणपत तेंडुलकर.

गांधीजींचं आठ खंडी चरित्र लिहिणारे ते दीनानाथ गोपाळ तेंडुलकर, हे वेगळे. आयी तेंडुलकर १९०४ सालचे, बेळगावजवळच्या बेळगुंदीचे. शिक्षणासाठी विशीत युरोपात गेले, जर्मनीत स्थिरावले, तिथल्या वृत्तपत्रांत लिहू लागले. थेआबाई त्यांच्याहून पंधरा वर्षांहूनही अधिक मोठ्या. त्या नामवंत, संपन्न. हे परदेशी विद्यार्थी-पत्रकार. दोघांनी लग्न केलं ते गुपचूप. गोऱ्या, त्यातून इतक्या प्रसिद्ध जर्मन बाईनं सावळ्या हिंदी माणसाशी लग्न करावं हे नव्या राजवटीला चालणारं नव्हतं. त्यांच्या शिक्षणाचा भार बाईंनी उचलला.

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. साधारण याच दिवसांत आपले व्ही. शांताराम 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीला गेले होते. कोल्हापूरचा एक मराठी माणूस रंग आणायला जर्मनीत, आणि बेळगावचा एक मराठी माणूस तिथल्या सर्वांत मोठ्या पटकथालेखिकेच्या घरात! दोघांची गाठ पडली असती तर काय बोलले असते, अशी कल्पना करायला मला आवडतं.

इथून पुढची गोष्ट सांगताना मात्र जीभ जड होते. थेआबाई जर्मनीत राहिल्या. नाझी राजवटीत त्यांनी लिहिणं थांबवलं नाही; उलट भरपूर लिहिलं. १९३७ साली आलेल्या 'डेर हेर्शर' या चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात आहे, आणि त्यात नेत्याच्या आज्ञेपुढे मान तुकवण्याचाच धडा आहे. त्या नाझी पक्षाच्या सदस्यही झाल्या. युद्धानंतर त्यांनी सांगितलं की आपण हे जर्मनीतल्या हिंदी लोकांना मदत करता यावी म्हणून केलं. त्यांनी हिंदी विद्यार्थ्यांना मदत केली यात खोटं नाही. पण तेवढ्यानं हिशेब मिटतो असं मला वाटत नाही. मदत करायला पक्षाचं सदस्यत्व लागत असेल. 'डेर हेर्शर' लिहायला लागत नव्हतं. ज्या बाईनं ठरवून दिलेलं नशीब झुगारणारी फ्रीडे रंगवली, तिनंच पुढे लाखो लोकांना आज्ञा पाळायला शिकवणाऱ्या कारखान्यात लेखणी झिजवली. माझ्या ओळखीचे काही वाचक म्हणतात, मग तिची नायिका तरी कशाला आठवायची? मला वाटतं, आठवायची, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी आठवायच्या. एक सांगून दुसरी गिळली की आपणही प्रचारकच होतो.

त्या नायिकेचंही पुढे काय झालं ते पाहा. रॉकेट हे नाझींचं गुप्त शस्त्र बनत होतं. चित्रपटातलं रॉकेट खऱ्याच्या इतकं जवळ होतं की सरकारनं तो प्रदर्शनातून काढून घेतला, त्याच्या प्रतिकृती जप्त केल्या. ओबेर्ट यांच्या प्रयोगांत १९३० साली मदत करणारा एक तरुण होता, वेर्नर फॉन ब्राउन. त्याच्या पथकानं बनवलेलं व्ही-२ रॉकेट ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडेहून पहिल्यांदा यशस्वीपणे उडालं. त्या रॉकेटच्या बुडाशी चित्र रंगवलं होतं ते चंद्रावर बसलेल्या स्त्रीचं. फ्रीडे, म्हणजे शांतता. सप्टेंबर १९४४ पासून हीच रॉकेटं लंडनवर कोसळू लागली. ती बांधण्यासाठी डोरा इथल्या छळछावणीतल्या कैद्यांना जमिनीखालच्या बोगद्यांत राबवलं जात होतं, आणि त्यांतले हजारो तिथंच मेले. आणि तोच फॉन ब्राउन पुढे अमेरिकेत गेला, त्याच्याच रॉकेटनं १९६९ साली माणूस चंद्रावर पोचला. १९७२ पर्यंत बारा जण उतरले. बाराही पुरुष. आपल्याकडे चंद्र मामा. मामाच्या घरी भाचीनं जायला कुणाची ना नसावी. तरी त्या फेऱ्यांत एकाही भाचीचा नंबर लागला नाही.

पुन्हा तेंडुलकरांकडे येऊ. युद्ध जवळ आलं होतं. हिंदी माणूस म्हणजे कागदोपत्री ब्रिटिशांची प्रजा. युद्ध पेटलं की शत्रूच्या देशातला. जर्मनी सोडून जा, असा सल्ला थेआबाईंनीच त्यांना दिला, आणि ते निघाले. बाई मागं राहिल्या. चंद्रावरच्या गोष्टीत फ्रीडे यानातून उतरते ती प्रियकराजवळ राहायला. लेखिकेनं प्रियकराला यानात बसवून दिलं आणि आपण जळणाऱ्या गावात थांबली. ही तुलना मी करतोय. बाईंना ती मान्य झाली असती की नाही कोण जाणे.

तेंडुलकर बेळगावला आले, मराठी वृत्तपत्र काढलं. तिथं त्यांची ओळख झाली इंदुमती गुणाजी यांच्याशी. इंदुमतीबाई गांधीजींच्या चळवळीत काम करणाऱ्या. दोघांनी लग्नाचं ठरवलं. आता वस्तुस्थिती पाहा. वर जर्मनीहून परतलेला, तिथं लग्न झालेलं, त्यात सरकारचा संशय की हा जर्मनांचा हस्तक असेल. तुमच्या-माझ्या घरी असं स्थळ आलं असतं तर? बाईंनी कुणाच्या 'लोक काय म्हणतील'ला भीक घातली नाही. त्या गांधीजींकडे गेल्या.

आणि गांधीजींनी घातली ती अट कुठल्याही स्वयंवरातल्या पणापेक्षा कमी नव्हती. पाच वर्षं एकमेकांपासून दूर राहा, देशाचं काम करा. मग मी आशीर्वाद देईन. अंतराळाच्या गोष्टींत नायक-नायिकेच्या मध्ये लाखो मैल असतात. इथं मध्ये ब्रिटिशांचे तुरुंग होते. दोघांनाही कारावास झाला. इंदुमतीबाई सत्याग्रही म्हणून आत, आणि तेंडुलकर संशयित म्हणून.

हा विरह आपल्या विदर्भाला परका नाही. नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवर रामटेक. कालिदासाचा शापित यक्ष तिथंच बसून ढगाकडून निरोप पाठवत होता, अशी आपली समजूत. आणि नायिकेनं आपलं लग्न आपणच ठरवायचं, हेही इथलंच. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, दमयंती विदर्भराजाची लेक. देव रांगेत उभे असताना दमयंतीनं माणूस निवडला. मराठीची आद्य कवयित्री महदाइसा, महानुभाव पंथाची. तिनं 'धवळे' रचले तेही रुक्मिणीच्याच लग्नाचे. तेव्हा बेळगावच्या मुलीचं असं लग्न वर्ध्याच्या मातीत लागावं, यात मला तरी काही विपरीत वाटत नाही.

ते लागलं १९४५ साली, सेवाग्रामला. युद्ध संपलं होतं. ज्यांनी सेवाग्राम पाहिलंय त्यांना ती जागा डोळ्यांसमोर येईल. आदिनिवास, बापूकुटी, मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, वर कवलं. वाजंत्री नाही, मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. थेआबाईंचा या लग्नाला मनापासून पाठिंबा होता. बर्लिनच्या स्टुडिओत गाड्या भरभरून वाळू आणून उभा केलेला चंद्र आणि सेवाग्रामची ही सारवलेली जमीन. एका माणसाच्या आयुष्यात या दोन्ही आल्या.

तेंडुलकर दांपत्याची मुलगी लक्ष्मी धौल यांनी या तिघांची हकिकत इंग्रजीत पुस्तकरूपानं लिहिली. ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. वडिलांच्या पहिल्या आयुष्यातल्या बाईबद्दल मुलीनं इतक्या समजुतीनं लिहावं, हे मला त्या पुस्तकात फार मोलाचं वाटतं. मराठीत या विषयावर खरं तर केव्हाच एखादी जाडजूड कादंबरी यायला हवी होती. आपल्याकडे विज्ञानकथा पुष्कळ झाली. १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावानं 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवली, तिला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग या वाटेला प्रतिष्ठा आली. शुभदा गोगटे यांच्यासारख्या लेखिकांनी ती वाट रुंद केली. पण यानात हट्टानं बसणारी आणि हट्टानंच उतरणारी फ्रीडे वाचायला मिळावी, ही माझी भूक अजून पुरती भागलेली नाही. शोध चालू आहे. कुणाच्या जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात अशी कथा असेल तर जरूर कळवा.

थेआबाईंचं पुढे काय झालं? युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी त्यांना काही महिने छावणीत ठेवलं. तिथं कैद्यांना घेऊन त्यांनी 'फाउस्ट' नाटक बसवलं. सुटल्यावर बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या बर्लिनचा राडारोडा उपसणाऱ्या बायकांत त्या मजुरीला उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेली, एकेकाळी जर्मनीतली सर्वांत नामवंत पटकथालेखिका, विटा उचलत होती. पुढे हळूहळू लेखनाची कामं मिळू लागली.

१९५४ च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्यांचा आणि लांग यांचा १९२१ सालचा एक मूकपट दाखवला गेला. मृत्यूकडून आपला प्रियकर परत मागायला गेलेल्या मुलीची गोष्ट. आपल्याला सावित्री आठवावी अशी. बाई मानाच्या पाहुण्या होत्या. खेळ संपवून बाहेर पडताना त्या पडल्या, दुखापत झाली, आणि १ जुलै १९५४ रोजी त्या गेल्या.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी फ्रिट्झ लांग भारतात आले, उदयपूरला. सोबत कॅमेरे होते, नट होते. थेआबाईंच्या त्या १९१८ सालच्या कादंबरीवरचा चित्रपट काढायला ते आले होते.